घरी बसून उक्ते काम : गिऱ्हाईक कसे शोधावे?



बागेत कामाला माणसे लावताना आपण आधी एक गोष्ट ठरवतो : रोजाने की उक्ते? रोजाने आलेला माणूस दिवस भरतो. उक्ते घेतलेला माणूस काम संपवतो; तो सकाळी सातला येवो की दहाला, ओळी संपल्या की त्याचे पैसे झाले. आज गावोगावची मुले-मुली घरात बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन जे काम करतात आणि ज्याला शहरात 'फ्रीलान्सिंग' असे भारदस्त नाव आहे, ते दुसरे तिसरे काही नसून असे उक्ते कामच आहे. फरक इतकाच की मालक पुण्याला, बंगळूरला किंवा थेट अमेरिकेत असतो आणि त्याचे तोंड आपण बहुधा कधीच पाहत नाही.

तोंड न पाहिलेल्या माणसाकडून काम मिळवायचे कसे, आणि त्याहून अवघड म्हणजे केलेल्या कामाचे पैसे पदरात पाडून घ्यायचे कसे, हे आज सांगायचे आहे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. घरात घडलेले आहे.

माझ्या थोरल्या भावाची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांची मुलगी बी. ए. होऊन पुण्याला एका कचेरीत नोकरीला लागली होती. २०२० साली टाळेबंदी आली, कचेरी बंद पडली आणि पोर घरी परतली. घरी बसून भाषांतराचे काम करीन म्हणाली. अण्णांनी दोन शेळ्या विकून तिला जुना लॅपटॉप घेऊन दिला. त्यानंतर चार महिने एक पैसा घरात आला नाही. शेजारणी वहिनींना विचारीत, "पोरगी दिवसभर त्यात डोकं घालून काय करती?" वहिनींना उत्तर देता येईना. अण्णा तर मला फोनवर म्हणाले, "शेळ्या असत्या तर एव्हाना व्याल्या असत्या." दिवाळीपर्यंत वाट पाहायची, नाहीतर आलेल्या स्थळांतले एक ठरवून मोकळे व्हायचे, असा घरात निर्णय झाला.

चार महिने काम का मिळाले नाही?

ती दिवाळीच्या दीड महिना आधी माझ्याकडे आली. तिने कामाच्या संकेतस्थळांवर आपली जी माहिती भरली होती, ती मी वाचली. त्यात लिहिले होते : मराठी टायपिंग, भाषांतर, डेटा एंट्री, डिझाईन, आवाज देणे, दिलेले कोणतेही काम वेळेत करून मिळेल.

आता तुम्हीच सांगा, विहीर खोदण्यापासून पत्रे ठोकण्यापर्यंत सगळे येते म्हणणारा माणूस दारात आला तर आपण त्याला विहिरीवर घेतो का? घेत नाही. विहिरीवर विहिरीचाच माणूस लागतो. इंटरनेटवर तर हे दसपट खरे आहे, कारण तिथे एका कामासाठी पन्नास जण अर्ज करतात आणि मालक प्रत्येकाला अर्धा मिनिटही देत नाही.

म्हणून एकच काम धरा. ते भाषांतर असेल, टॅलीवर हिशेब लिहिणे असेल, व्हिडिओची जुळणी असेल, स्थापत्य पदविका झालेल्या मुलाला घरांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढता येत असतील, एखाद्याला वेबसाईट बांधता येत असेल. पण एकच, आणि ते चांगले यावे. येत नसेल तर आधी शिकावे. सहा महिने शिकण्यात गेले तरी ते फुकट नाहीत. नुसते टायपिंग आणि नुसती माहिती भरणे यांच्या मागे मात्र आता लागू नये. २०२२ च्या अखेरीपासून जी नवी बोलकी यंत्रे आली, तिने असले काम फार स्वस्त करून टाकले आहे. साधे भाषांतरही यंत्र करते. मग माणसाला कशासाठी पैसे द्यायचे?

ही शंका माझ्या पुतणीच्याही मनात होती. मी तिला म्हणालो, यंत्राजवळ आणि पुण्यातल्या पदवीधराजवळ नाही असे तुझ्याजवळ काय आहे ते आधी शोध. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, माझ्याजवळ शेत आहे."

पहिली चिठ्ठी

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तिला एक जाहिरात दिसली. दक्षिणेकडचा एक फवारणी यंत्रांचा कारखाना आपल्या इंग्रजी पुस्तिकेचे मराठी करून घेणार होता. याआधी अशा जाहिरातीला ती काय लिहीत असे, ते तिने मला दाखवले होते : "आदरणीय महोदय, मी प्रामाणिक व मेहनती असून मला कामाची अत्यंत गरज आहे. कृपया एक संधी द्यावी." आपल्याकडे नोकरीच्या अर्जाची ही जुनी पद्धत आहे. पण उक्ते काम देणाऱ्याला आपल्या गरजेशी काही घेणे-देणे नसते. त्याला त्याची अडचण सोडवणारा माणूस पाहिजे.

या वेळी तिने वेगळे लिहिले. इंग्रजीत, पण लहान लहान साध्या वाक्यांत. मजकूर साधारण असा होता :

"तुमच्या पुस्तिकेचे पहिले पान मी वाचले. त्यातल्या 'प्रेशर गेज'ला शब्दकोशात दाबमापक हा शब्द आहे, पण आमच्या भागातला शेतकरी त्याला प्रेशरचा काटा म्हणतो. नोझलला तुषारमुख लिहिले तर दुकानदारालाही कोणता भाग हवा ते कळणार नाही, नोझलच ठेवावे. पहिल्या पानाचे मराठी सोबत जोडले आहे. मी द्राक्ष बागायतदाराची मुलगी आहे. मजकूर तुमच्याकडे येण्याआधी मी तो रोज फवारणी करणाऱ्या माणसाकडून वाचून घेईन. बारा दिवस लागतील. दर अमुक."

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. काम मिळाले. आणि रोज फवारणी करणारा तो माणूस अर्थातच अण्णा. त्यांना बारा दिवस रात्री जेवणानंतर चष्मा लावून बसावे लागले. "हे कुणी लिहिलंय? असं कुणी बोलतं का?" म्हणून ते पोरीवर डाफरत, आणि ती शब्द बदलत असे.

या चिठ्ठीत मागणे एकही नाही, हे लक्षात घ्या. आधी गिऱ्हाइकाची गोष्ट, मग हाताचा नमुना, मग दिवस आणि दर. तुमचे काम कोणतेही असो, चिठ्ठी अशीच लिहावी. हिशेब लिहिणाऱ्या मुलाने खत दुकानदाराला लिहावे की उधारीची खाती आणि हंगामानंतरची वसुली मला घरातच ठाऊक आहे. व्हिडिओ जुळवणाऱ्याने रोपवाटिकेच्या मालकाला त्याच्याच एका व्हिडिओची पहिली पंधरा सेकंदे नीट करून पाठवावीत. एकच मजकूर शंभर जणांना पाठवण्यापेक्षा पाच जणांना पाच वेगळ्या चिठ्ठ्या पाठवणे कष्टाचे आहे खरे, पण उत्तरे त्यांनाच येतात.

नमुन्याबद्दल एक सावधगिरी. एक पान, अर्धे पान फुकट करून दाखवायला हरकत नाही. कोणी दहा पानांची 'चाचणी' मागितली तर नको म्हणावे. एकच पुस्तक दहा उमेदवारांना चाचणी म्हणून वाटायचे आणि सगळे फुकटात करून घ्यायचे, असे उद्योग करणारे लोक आहेत.

आणि पहिले गिऱ्हाईक इंटरनेटवरच भेटले पाहिजे असेही नाही. तालुक्याचे सनदी लेखापाल, ठिबकचे विक्रेते, शेतकरी उत्पादक कंपन्या, शिक्षणसंस्था, छापखाने यांना ही कामे लागतात आणि ते तुमच्या घराण्याला ओळखतात. ओळखीच्या माणसाचे काम कमी पैशाचे असते, पण काम चांगले झाले की तो चार ओळी लिहून देतो, आणि त्या चार ओळी परमुलखातल्या गिऱ्हाइकाला दाखवता येतात.

संकेतस्थळे आणि त्यांची अडत

काम देणारे आणि घेणारे यांना एकत्र आणणारी मोठी संकेतस्थळे म्हणजे एक प्रकारचे बाजार-आवारच. अपवर्क हे त्यांतले मोठे नाव. इलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या कंपन्या एक झाल्या आणि २०१५ साली त्यांना हे नाव मिळाले. फायव्हर २०१० साली निघाले. सुरुवातीला तिथे प्रत्येक काम पाच डॉलरला मिळे, म्हणून ते नाव. फ्रीलान्सर नावाचे ऑस्ट्रेलियातले आहे. भाषांतरकारांसाठी प्रोझ हे १९९९ पासून चालू आहे.

पूर्वी आपल्या पट्टीतून अडत कापली जायची, तशी ही मंडळीही आपला वाटा कापतात. फायव्हर कमाईतले २० टक्के ठेवून घेते. अपवर्कचा वाटा २०२५ पासून कामागणिक शून्य ते १५ टक्के असा बदलता झाला आहे, शिवाय तिथे अर्ज पाठवायला 'कनेक्ट्स' नावाची तिकिटे खर्ची पडतात. म्हणून अर्ज उधळू नयेत. नियम बदलत असतात; नाव नोंदवताना त्या दिवसाचे दर वाचून घ्यावेत.

या अडतीच्या बदल्यात एक मोठी गोष्ट मिळते. उक्ते काम ठरले की गिऱ्हाइकाचे पैसे आधी संकेतस्थळाकडे अनामत राहतात आणि काम पसंत झाल्यावर आपल्याला मिळतात. पैसे अनामत पडले आहेत हे पाहिल्याशिवाय एक ओळसुद्धा करू नये. तिथे भेटलेल्या गिऱ्हाइकाने 'अडत वाचवू, परस्पर व्यवहार करू' म्हटले तर मोह आवरावा. त्यांच्या नियमात ते बसत नाही, खाते बंद होते, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा राहत नाही.

दर कसा काढावा?

इथे आपली मुले फार चुकतात. काम मिळावे म्हणून इतका खाली दर सांगतात की विजेचे बिलही निघत नाही. हिशेब उलट्या बाजूने करावा. समजा महिन्याला १५,००० रुपये मिळाले पाहिजेत. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरू नका, पंधराच धरा. उरलेले दिवस काम शोधण्यात, दुरुस्त्यांत आणि उत्तराची वाट पाहण्यात जातात. म्हणजे दिवसाला १,००० रुपये आले. नवशिका भाषांतरकार दिवसात हजारभर शब्द नीट करतो. तेव्हा शब्दाला एक रुपया हा त्याचा तळ झाला. २० टक्के अडत जाणार असेल तर एक रुपया हातात पडण्यासाठी सव्वा रुपया सांगावा लागतो. हात बसला की शब्द वाढतात आणि मग दरही वाढवावा. जुन्या गिऱ्हाइकाला दर वाढवून सांगायला संकोचू नये, फक्त महिनाभर आधी सांगावे.

बुडालेले चाळीस पानांचे पैसे

फवारणीच्या पुस्तिकेनंतर पोरीला धीर आला आणि त्याच भरात ती फसली. एका मोठ्या शहरातल्या गृहस्थांनी फोनवर गोड बोलून चाळीस पानांचे काम दिले. लेखी काही नाही, आगाऊ काही नाही. काम पोचल्यावर 'साहेब गावाला गेलेत', मग 'पुढच्या आठवड्यात', मग फोनच लागेना. पैसे आजतागायत आले नाहीत. त्या रात्री ती जेवली नाही. अण्णा मात्र शांत होते. म्हणाले, "व्यापारी बेदाणा घेऊन पळाला तवा मी दोन वरसं रडलो. तू एक रात रड."

तेव्हापासून तिचा नियम असा आहे : परस्पर आलेल्या नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आधी. मोठे काम असेल तर त्याचे तीन-चार तुकडे, एका तुकड्याचे पैसे आले की पुढचा तुकडा. काम काय, किती, कधी द्यायचे, दुरुस्त्या किती वेळा, पैसे किती दिवसांत, हे ई-मेलवर लिहून घ्यायचे. फोनवर बोलणे झाले तरी नंतर 'आपले असे ठरले' म्हणून चार ओळी पाठवायच्याच. आणि एक वही ठेवायची : गिऱ्हाईक, तारीख, काम, रक्कम, जमा, बाकी. दुकानदार ठेवतो तशी.

करासंबंधी थोडक्यात. हे उत्पन्न शेतीचे नव्हे, त्यामुळे शेतीच्या उत्पन्नासारखे ते करमुक्त नसते. कंपनी वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर व्यावसायिक शुल्क देत असेल तर साधारणपणे १० टक्के कर कापून उरलेले देते. तो कापलेला कर आपल्या पॅनवर जमा असतो. विवरणपत्र भरले तर जास्तीचा परत मिळतो, न भरले तर तसाच राहतो. ज्याच्या नावावर शेतीचेही वर्षाला ५,००० रुपयांवर उत्पन्न आहे, त्याचे हे दुसरे उत्पन्न करमर्यादेच्या वर गेले तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही हिशेबात धरतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. परदेशातून पैसे आले की बँक ते कशाचे म्हणून विचारते. घाबरू नये, बिल दाखवावे आणि बँकेकडून आलेल्या रकमेचा दाखला घेऊन जपून ठेवावा.

इथे पाऊल टाकू नका

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीही वाचावे. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. 'घरबसल्या डेटा एंट्री, आधी नोंदणी फी भरा' असे कोणी म्हटले की तिथेच थांबावे. याच धंद्यातला दुसरा प्रकार असा : फी मागत नाहीत, पण अशक्य मुदतीचे काम देऊन एका करारावर सही घेतात, आणि काम अपुरे राहिले की वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून दंड मागतात. अशा नोटिशीला भिऊन पैसे भरू नयेत. वकिलाला किंवा पोलिसांना दाखवावी. तिसरा प्रकार टेलिग्रामवरचा. व्हिडिओ पसंत केल्याबद्दल आधी शे-दोनशे रुपये खरोखर देतात, मग मोठ्या 'टास्क'साठी पैसे गुंतवायला लावतात, आणि ते परत येत नाहीत.

चौथा सर्वांत घातक आहे. 'तुमचे बँक खाते वापरू द्या, महिन्याला कमिशन देतो.' चोरीचा पैसा फिरवण्यासाठी अशी खाती लागतात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, हेही घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवावे. फसवणूक झालीच तर लाज बाळगून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका लवकर कराल तितकी पैसे मध्येच अडवता येण्याची आशा जास्त.

घरच्यांनी काय करावे?

पोर घरात बसली आहे म्हणजे मोकळी आहे असे धरू नये. दूध घाल, पाहुण्यांना चहा कर, डेअरीत जाऊन ये, अशा दहा हाका मारल्या तर चार तासांच्या कामाला दिवस पुरत नाही. मुलींच्या बाबतीत हे फार होते. दिवसातले ठरावीक तास तिचे, हे घराने मान्य करावे. आमच्या वहिनींनी सकाळी दहा ते दोन तिला हाक मारणे बंद केले आणि शेजारणींनाही सांगून टाकले की ती 'हापिसात' आहे.

वीज आणि रेंज यांचे रडगाणे गिऱ्हाइकाला ऐकवू नये. कबूल केलेल्या दिवसाच्या एक दिवस आधी काम संपवावे, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवावीत, बॅटरी भरून ठेवावी. तरीही उशीर होणार असेल तर मुदत टळण्याआधी कळवावे, टळल्यावर नव्हे. अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतो. तिथला माणूस झोपलेला असताना आपले काम त्याच्या पुढ्यात पडलेले असावे.

एकच गिऱ्हाईक मोठे झाले की मुले निर्धास्त होतात. ते गिऱ्हाईक गेले की पहिल्या दिवसावर येतात. तीन-चार तरी जोडून ठेवावेत, आणि हातात काम भरपूर असतानाही आठवड्याला एक नवी चिठ्ठी पाठवावी. जुन्या गिऱ्हाइकाला काम झाल्यावर महिन्याभराने 'पुस्तिका छापून आली का, काही बदल हवा का' एवढे विचारावे. माझ्या पुतणीला तिच्या निम्म्याहून अधिक कामांचा माग अशा जुन्या गिऱ्हाइकांच्या ओळखीतूनच लागलेला आहे.

ती दिवाळी येऊन गेली. स्थळांचा विषय त्या वर्षी कोणी काढला नाही.

गेल्या महिन्यात मी गावी गेलो तेव्हा ती एका कीटकनाशकाच्या पत्रकाचे मराठी करत होती. अण्णा शेजारी चष्मा लावून कागद वाचत होते.

"हे लिटरला किती, असं लिवलंय. आपण पंपाला किती ते बघतो. पंपाला किती ते लिव."

"अण्णा, पंप कुणाचा पंधरा लिटरचा, कुणाचा विसाचा. कुठला लिहू?"

"दोन्ही लिव."

"माझ्या मनानं नाही लिहिता येत. कंपनीला विचारावं लागेल."

"मग इचार की," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पुढचे पान घेतले.